रविवारच्या शिडाच्या शर्यती : बाभळीच्या फुगवट्यावरील हंगामाच्या नोंदी, २०२४-२५

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आमच्या हंगामाचे वेळापत्रक वाऱ्याने किंवा सुट्ट्यांनी ठरत नाही, ते बंधाऱ्याच्या दरवाजांनी ठरते. नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यातील, गोदावरीवरचा बाभळी बंधारा तेलंगणातील श्रीरामसागर धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतो, त्यामुळे त्याच्या पाण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात, आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी आहे. म्हणजे ऐन पावसाळ्यात, नैऋत्येचा उत्तम वारा असताना, आमच्यापुढे वाहती नदी असते, आणि पाणी थांबते तेव्हा वारा मंदावलेला असतो. उद्या दरवाजे उघडे राहण्याचा शेवटचा दिवस आहे.

आज काठाची पाहणी केली. १ आणि २ सप्टेंबरच्या अतिवृष्टीत नदीने जे रूप दाखवले, त्याच्या खुणा बाभळींच्या फांद्यांवर डोक्याच्या उंचीला अडकलेल्या कडब्याच्या रूपाने अजून आहेत. दक्षिण काठावरील झेंड्याचा खांब तिरका झाला आहे आणि होड्या उतरवण्याच्या उतारावर गुडघाभर गाळ बसला आहे. खांब सरळ करून पुन्हा सिमेंटमध्ये बसवला. गाळ काढण्यासाठी चार फावडी आणि पुढचे तीन दिवस.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज असल्याने दुपारपर्यंत मी एकटाच होतो. नंतर अकरावीतील मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ ओवाळणी उरकून आले. ही दोघे आमच्या तीन एन्टरप्राइझ होड्यांपैकी एक चालवतात. सुकाणू तिच्या हाती असते आणि पुढचे शीड, म्हणजे जिब, भावाच्या हाती.

एन्टरप्राइझ ही होडी जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखली. लांबी ४.०४ मीटर, दोन माणसे, दोन शिडे, आणि शिडांचा रंग परंपरेने निळा. आमच्या तिन्ही होड्या सिकंदराबादहून जुन्या विकत आणलेल्या आहेत. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या शर्यतींची जुनी परंपरा असल्याने तेथे वापरलेल्या होड्या मिळतात, आणि येथून ते अंतर मुंबईपेक्षा बरेच कमी आहे. त्यांखेरीज आमच्याकडे एकट्याने चालवायच्या दोन लेझर आणि लहान मुलांसाठी तीन ऑप्टिमिस्ट आहेत. ऑप्टिमिस्ट म्हणजे क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये आखलेली चौकोनी नाकाची, ३५ किलोची होडी. आमच्या येथे येणारा प्रत्येक पाहुणा तिला पाहून प्रथम हसतो आणि मग आपल्या मुलाला तीत बसवण्याची विनंती करतो.

आजचे काम सेंटरबोर्डचे होते. होडीच्या मधोमध असलेल्या उभ्या फटीतून ही फळी पाण्यात उतरते आणि होडीला आडवे सरकण्यापासून रोखते. पावसाळ्यात होड्या उलट्या न ठेवता आडव्या ठेवल्या गेल्याने त्या फटीत गाळ शिरून विटेसारखा घट्ट झाला होता. लोखंडी पट्टीने खरवडल्यास फायबर निघते, म्हणून भावाने बांबूची चपटी कामटी तासून घेतली, मुलीने वरून मगाने पाणी सोडले, आणि तासाभराने फटीतून पहिल्यांदा उजेड दिसला. दुसऱ्या होडीच्या शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्टीचा, म्हणजे बॅटनचा, कप्पा उसवला होता. तो गावातील मंडपवाल्याच्या मशीनवर जाड दोऱ्याने शिवून घेतला. त्याने पैसे घेतले नाहीत, मात्र हे कापड कोणत्या मांडवाचे, असे दोनदा विचारले.

१० नोव्हेंबर, रविवार

पाणी स्थिरावले आहे. आज सुरुवातीची रेषा मांडली, आणि या हंगामात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम हेच आहे.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी चढत जाते. म्हणून शर्यतीचा पहिला टप्पा वाऱ्याच्या तोंडाकडे ठेवतात, कारण त्या टप्प्यातच चालवणाऱ्याचे कौशल्य दिसते, आणि सुरुवातीची रेषा वाऱ्याला काटकोनात मांडतात, म्हणजे रेषेच्या कोणत्याही टोकावरून सुटले तरी अंतर तेवढेच पडते. आमच्या पट्ट्यात नदी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते आणि हिवाळ्यातील वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा असतो. वारा नदीच्या लांबीतूनच येत असल्याने आमच्या अरुंद पात्रातही सरळ आखणी करता येते. पहिली खूण खाली, बंधाऱ्याच्या बाजूला असते. मात्र तिच्या पुढे लाल झेंड्यांची ओळ आहे आणि ती ओलांडणाऱ्याची शर्यत तेथेच संपते.

रेषेचे एक टोक दक्षिण काठावरील खांब आणि दुसरे टोक पाण्यातील निळा प्लास्टिकचा ड्रम, दोहोंमधील अंतर ४० मीटर. सर्व होड्यांच्या लांबीच्या बेरजेच्या दीडपट रेषा असावी असा ठोकताळा आहे. पाच मोठ्या होड्यांसाठी ती ३० मीटर होते, पण आमच्या नवशिक्यांना मोकळी जागा हवी असते. नांगर म्हणून गिट्टी भरलेले पोते. ते टाकण्यासाठी मासेमार मामांची होडी घेतली. पाण्याची खोली ४.२ मीटर भरली. दोरी मामांनीच हात पसरून तीन वाव मोजून कापली. एक वाव म्हणजे दीड मीटर, या हिशेबाने वहीत ४.५ मीटर लिहिले. सकाळी वारा अजिबात नव्हता, त्यामुळे ड्रम पोत्याच्या बरोबर वर उभा राहिला आणि खांबावरून होकायंत्राने पाहिले असता तो नेमका उत्तरेला दिसला. मला फार समाधान वाटले.

१७ नोव्हेंबर, रविवार

शर्यत नाही. विधानसभेचे मतदान बुधवारी असल्याने मी आणि आणखी दोघे निवडणुकीच्या कामात आहोत.

२४ नोव्हेंबर, रविवार

हंगामातील पहिली शर्यत. एकच स्टार्ट घेतला.

सुरुवातीची पद्धत जगभर एकच आहे : पाच मिनिटे आधी वर्गाचा झेंडा वर, चार मिनिटे आधी तयारीचा झेंडा वर, एक मिनिट आधी तो खाली, आणि शून्याला वर्गाचा झेंडा खाली. प्रत्येक वेळी भोंगा वाजतो, परंतु वेळ मोजायची ती झेंड्यावरून, कारण आवाज वाऱ्यावर हरवू शकतो. आमचा भोंगा ट्रकचा आहे आणि जुन्या बॅटरीवर चालतो. आज चौथ्या मिनिटाला तो वाजलाच नाही आणि पहिल्या मिनिटाला वाजला तो थांबेना. तार ओढून काढेपर्यंत पलीकडच्या काठावरील म्हशी निम्म्या पाण्यातून बाहेर पडल्या होत्या. लेझरवरील दादांनी भोंग्याची वाट पाहिली आणि वीस सेकंद गमावले. नियम त्यांना ठाऊक होता. सवय मात्र कानाची होती.

८ डिसेंबर, रविवार

दोन स्टार्ट. आज प्रथमच वेळेच्या सवलतीचा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडला, कारण मागील रविवारी त्यावरून कुरबूर झाली होती. वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावतात तेव्हा प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो. लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले तो आकडा. आम्ही लेझरसाठी ११०० आणि एन्टरप्राइझसाठी ११२२ धरतो. आज लेझरला ३८ मिनिटे २० सेकंद, म्हणजे २३०० सेकंद लागले, आणि मुलीच्या एन्टरप्राइझला २३३०. भागाकार केल्यावर लेझरचे २०९१ आणि एन्टरप्राइझचे २०७७ आले. रेषा आधी ओलांडणारा १४ सेकंदांनी हरला. दादांनी भागाकार स्वतःच्या मोबाइलवर पुन्हा करून पाहिला आणि मग चहा सांगितला.

१५ डिसेंबर, रविवार

वारा पडलेला. तहकुबीचा झेंडा नऊ वाजता वर गेला तो साडेअकराला शर्यत रद्द करूनच उतरवला. वेळ वाया जाऊ नये म्हणून मंद वाऱ्यातील बसण्याची पद्धत शिकवली : दोघांनीही शिडाच्या बाजूला सरकून होडी मुद्दाम किंचित कलती ठेवायची, म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने फुगलेले राहते आणि होडीचा पाण्याला टेकणारा भागही कमी होतो. ऑप्टिमिस्टमधील एका मुलाने सांगितलेल्यापेक्षा जास्त कलवली. पाणी थंड होते.

खांबाजवळच्या मोजपट्टीनुसार पातळी उतरू लागली आहे. दोन्ही काठांवर रब्बीसाठी मोटारी सुरू झाल्या आहेत. ड्रमपाशी खोली आता ३.४ मीटर.

२२ डिसेंबर, रविवार

दोन स्टार्ट झाल्यानंतर मुलीने आपली वही माझ्यापुढे ठेवली. मी केवळ निकाल लिहितो. तिने प्रत्येक स्टार्टला कोण रेषेच्या कोणत्या टोकावरून सुटले आणि पहिल्या खुणेला प्रथम कोण पोहोचले, हे लिहून ठेवले होते. आतापर्यंतच्या ७ स्टार्टपैकी ६ वेळा पहिल्या खुणेला पोहोचलेली होडी खांबाच्या बाजूने सुटलेली होती.

"सर, रेषा तिरकी हाय," ती म्हणाली.

मी तिला सांगितले की रेषा होकायंत्राने मांडलेली आहे, आणि काठावरील बाभळींमुळे वारा त्या बाजूला थोडा वळतो, त्याचा हा परिणाम असावा. नदीच्या काठालगत वारा काठाला धरून वाहतो, हे खरेच आहे. तिने ऐकून घेतले. वही मिटताना तिने विचारले की बाभळी डिसेंबरात वाढल्या का, कारण पहिल्या दोन स्टार्टमध्ये फरक फारसा नव्हता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न स्वतःला पडायला हवा होता.

५ जानेवारी २०२५, रविवार

१ जानेवारीपासून शर्यतीच्या नियमांची नवी, २०२५ ते २०२८ या काळासाठीची आवृत्ती लागू झाली. दर चार वर्षांनी ती बदलते. आमच्या मुलांना रोज लागणारे नियम तेच आहेत : डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने उजव्या अंगाने घेणाऱ्याला वाट द्यायची, दोघांचा अंग एकच असेल तर वाऱ्याकडच्याने दूर राहायचे, खुणेला स्पर्श झाला तर एक गिरकी.

आज खुणेला स्पर्श न होताही घोळ झाला. दुसऱ्या स्टार्टला एक एन्टरप्राइझ ड्रमच्या पूर्वेकडून, एक मीटर अंतर राखून गेली आणि तरीही जागच्या जागी थांबली. तिच्या सुकाणूत ड्रमची दोरी अडकली होती. आमची दोरी पाण्यावर तरंगणाऱ्या जातीची आहे, आणि ढील पडल्याने ती पाण्याखाली हातभर खोलीवर आडवी पसरली होती. मामांनी येऊन सोडवली. त्यांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे आम्ही टाळावेत आणि त्यांनी रविवारी अकरापर्यंत मधली पट्टी मोकळी ठेवावी, असा आमचा तोंडी करार आहे; तो त्यांनी एकदाही मोडलेला नाही. "आमच्या जाळ्यात कोणी नाही अडकलं, तुमच्याच दोरीत अडकायलेत," एवढेच ते म्हणाले.

घरी येताना लक्षात आले की दोरीला ढील पडली असेल, तर ड्रम जागेवर नाही.

१९ जानेवारी, रविवार

शर्यत न घेता मोजमाप केले. मुलीच्या वहीतील आकडा आता १३ पैकी ११ झाला आहे.

सकाळी सात वाजता, वारा नसताना, खांबावरून ड्रम नेमका उत्तरेला दिसला. साडेनऊ वाजता पूर्वेचा वारा सुरू झाला तसा ड्रम हळूहळू पश्चिमेकडे सरकत गेला आणि दोरी ताणली गेल्यावर थांबला. तेव्हा होकायंत्र ३५४ अंश दाखवत होते; नेमकी उत्तर ३६० ला असते. म्हणजे रेषा ६ अंश तिरकी. पाण्यातील टोक वाऱ्यापासून दूर गेले, म्हणून खांबाकडून सुटणाऱ्याला आयती आघाडी मिळत होती. पाणी जसजसे उतरले, तसतशी ढील वाढली आणि आघाडीही वाढली. बाभळींचा काही संबंध नव्हता.

कागदावर पडताळा घेतला. खोली २.७ मीटर, दोरी ४.५ मीटर; पायथागोरसाने ड्रम ३.६ मीटर सरकू शकतो, आणि ४० मीटरच्या रेषेवर त्याचे ५ अंश होतात. होकायंत्र ६ म्हणते. हातात धरायच्या होकायंत्रात एका अंशाची चूक सहज होते, असे मी लिहून घेतले. मुलीने तिच्या वहीत ६ च लिहिले. ३.६ मीटर म्हणजे एन्टरप्राइझच्या लांबीला थोडेच कमी. आमच्या कित्येक शर्यती याहून कमी अंतराने जिंकल्या गेल्या आहेत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर थेट नदीवर. उपाय मामांनी सुचवला : दोरी ड्रमला बांधायचीच नाही. ड्रमच्या तळाशी लोखंडी कडी बसवली, पोत्याकडून येणारी दोरी तीतून ओवली, आणि मोकळ्या टोकाला वाळूने भरलेली एक लिटरची बाटली बांधून पाण्यात लोंबती सोडली. पाणी उतरले की बाटलीच्या वजनाने दोरी कडीतून सरकते आणि ढील पडत नाही. प्रथम वीट बांधली होती, पण तिच्या कडेने दोरी कातरू लागली. खोली २.६ मीटर, दोरी ४.५ धरल्यास बाटली १.९ मीटरवर लोंबते, तळापासून भरपूर वर.

मुलांना नेहा ठाकूरबद्दल सांगितले. मध्य प्रदेशातील शेतकऱ्याच्या या मुलीने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत लेझरच्याच कुळातील, लहान शिडाच्या आयएलसीए-४ होडीवर रौप्यपदक मिळवले, आणि ती तयार झाली भोपाळच्या तलावावर. समुद्र नसल्याचे कारण आमच्याकडे वरचेवर सांगितले जाते, म्हणून.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन स्टार्ट. पहिल्यात ड्रमकडून सुटलेली होडी पुढे, दुसऱ्यात मधून सुटलेली. उपाय लागू पडला.

२३ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा रविवार. ९ तारखेला दोन, १६ ला आमच्यापैकी एकाच्या घरी लग्न असल्याने एकही नाही, आणि आज दोन स्टार्ट झाले. या चारही वेळा खांबाच्या बाजूचे पुढे गेले. वारा या महिन्यात थोडा दक्षिणेकडे झुकलेला वाटतो, त्याचा परिणाम असावा. शिवाय चार-सहा स्टार्टवरून काही सिद्ध होत नाही. ड्रमपाशी खोली २.२ मीटर.

हंगामाचा निकाल लावला. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, आणि ज्याची बेरीज कमी तो विजेता. लेझरवरील दादा पहिले. मुलगी आणि तिचा भाऊ एका गुणाने दुसरे. डिसेंबर आणि जानेवारीतील निदान तीन शर्यतींत ती मुद्दाम ड्रमकडून सुटली होती, रेषा तिरकी आहे का हे पाहण्यासाठी. शर्यत-समितीच्या चुकीमुळे क्रमांक घसरल्यास निवारण मागता येते, परंतु त्याची मुदत त्या त्या दिवशीच संपली होती. तिने मागितलेही नाही. निकालपत्राखाली मी रेषेच्या दोषाची नोंद केली आहे.

१ मार्च, शनिवार

पाणी सोडण्याचा दिवस. कोणीही होडी पाण्यात घातली नाही. सर्व होड्या ट्रॉलीवरून वर घेऊन, या वेळी उलट्या करून, बांधून ठेवल्या. पातळी उतरताना काठावर ओल्या गाळाची पट्टी रुंदावत गेली. दुपारी मंद पूर्वेचा वारा असतानाही ड्रम पूर्वेकडेच, वाऱ्याच्या तोंडावर ओढला गेलेला दिसला. या हंगामात प्रथमच तो रेषेच्या त्या बाजूला होता.

२ मार्च, रविवार

ओढ कमी झाल्यावर मामांनी ड्रम आणला. पोते गाळात रुतल्याने निघाले नाही, म्हणून दोरी त्याच्या गाठीपाशीच कापावी लागली. बाटलीची एक बाजू स्वच्छ होती आणि दुसऱ्या बाजूला बोटभर जाड, घट्ट बसलेला गाळ होता. ती एका रात्रीत तशी झालेली नव्हती. मुलीने न बोलता दोरी उतारावर सरळ पसरली आणि टेप लावला. गाठी सोडून ५.१ मीटर. मग तिने मामांना हात पसरायला सांगितले, आणि एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत टेप धरला.

एक मीटर सत्तर.